दोन नर आणि एक पिंजरा

एकाच जनावराला मराठीत दोन वेगळे शब्द आहेत : वळू आणि बैल. भोर आणि वेल्हे भागातील भातशेतीच्या गावांत ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्यांना या दोन शब्दांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. गोऱ्हा वाढून खोंड झाला की त्याला खच्ची करतात. पुढे तोच बैल म्हणून चिखलणीला जुंपला जातो आणि जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर चालतो. दोन मोठे वळू मात्र शहाणा शेतकरी एका दावणीला शेजारी शेजारी बांधत नाही. वळू वाईट आणि बैल चांगला, असे तो म्हणत नाही. फरक कशामुळे पडतो, हे त्याला ठाऊक असते.

हेच ज्ञान सशाच्या पिंजऱ्यापाशी आले की आपण विसरतो. घरी हौसेने किंवा शाळेत मुलांना पाहायला म्हणून सशांची दोन पिल्ले आणली जातात. दोन्ही नर निघतात. पहिले दोन-तीन महिने ती एकमेकांना चिकटून झोपतात, एकमेकांचे कान चाटतात. साऱ्यांना वाटते, केवढी ही मैत्री ! मग एके दिवशी पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले दिसतात आणि एकाच्या कानातून रक्त येत असते. यावर मोठ्या माणसांकडून बहुधा तीन सल्ले मिळतात. पहिला : ‘भांडू द्या, त्यांचे ते मिटवतील.’ दुसरा : ‘चावरा आहे, त्याला दोन फटके द्या.’ तिसरा : ‘एकाला डोंगरात सोडून द्या.’ माझ्या मते हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिन्हींमागे एकच गैरसमज आहे. ससा बिघडला, असे आपण धरून चालतो. बिघाड सशात नसतो, आपण केलेल्या मांडणीत असतो.

प्रथम हा बदल का होतो ते पाहू. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या वयात, जातीप्रमाणे थोडे मागेपुढे, नर ससा वयात येतो. त्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात येऊ लागते. मग तो दुसऱ्याभोवती गोल फिरतो, पाठीवर चढतो, मूत्राचा फवारा उडवतो आणि पिंजऱ्याच्या गजांवर हनुवटी घासतो. हनुवटी घासणे हा चाळा नव्हे. तेथे एक गंधग्रंथी असते आणि तिच्या स्रावाने ससा आपल्या हद्दीवर खूण करतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे मायकिटोविच या संशोधकाने 1960 नंतरच्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. कळपात ज्या नराचा वरचष्मा, त्याची ही ग्रंथी मोठी आणि त्याच्या खुणाही अधिक, असे त्याला आढळले.

या साऱ्याचे मूळ वृषणांत आहे, हे कशावरून ठरले ? त्यासाठी जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने केलेला प्रयोग पाहावा. त्याचे निष्कर्ष 1849 साली प्रसिद्ध झाले. त्याने सहा लहान कोंबडे घेतले. काहींचे दोन्ही वृषण काढून टाकले. ते वाढले, पण त्यांचे तुरे लहान राहिले, धड आरवणे नाही आणि इतर कोंबड्यांशी झुंजणेही नाही. काहींचे वृषण काढले, पण एक वृषण पोटात दुसऱ्याच जागी बसवला. हे कोंबडे मात्र चारचौघांसारखे आरवले आणि झुंजलेही. मूळच्या मज्जातंतूंचा संबंध तुटला होता, तरी परिणाम कायम होता. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि साऱ्या शरीरावर परिणाम करते, असा निष्कर्ष त्याने काढला. ते ‘काहीतरी’ म्हणजेच टेस्टोस्टेरोन, हे कळायला 1935 साल उजाडले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही जी शिस्त शिकवतो, तीच येथे दिसते : एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि मग फरक पाहा.

आता तुम्ही विचाराल, सगळेच नर जर असे असतील, तर रानातील ससे एकमेकांना मारून संपत कसे नाहीत ? प्रश्न योग्य आहे, आणि माझे सारे म्हणणे त्याच्या उत्तरावर उभे आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तेथे हे ससे बिळांच्या वसाहती करून राहतात. नरांची झटापट तेथेही होते. पण हरणारा नर पळतो, जिंकणारा थोडे अंतर त्याच्यामागे धावतो आणि आपल्या हद्दीच्या कडेला थांबतो. पळून जाणे हाच भांडणाचा शेवट असतो. दोन हात लांबीच्या पिंजऱ्यात हा शेवट येतच नाही. हरलेला ससा कोपऱ्यात दबतो, पण जिंकलेल्याच्या नाकाला शत्रू अजून आपल्या हद्दीतच आहे असे कळत राहते. तो पुन्हा चावतो. चावे बहुधा कान, पाठ आणि वृषणांवर बसतात आणि मागच्या पायांच्या लाथांनी पोटावर ओरखडे उठतात. ‘त्यांचे ते मिटवतील’ हा सल्ला मोकळ्या माळावर कदाचित खरा ठरेल. पिंजऱ्यात मिटवण्याचा मार्गच आपण बंद केलेला असतो. आणि मार्ग आपण बंद केला, तर पुढची जबाबदारीही आपलीच.

ती कशी पार पाडावी ? पाठलाग, चावा किंवा उपटलेले केस दिसले की दोघांना त्याच दिवशी वेगळे करा. भांडणाऱ्या सशांच्या मध्ये उघडा हात घालू नका. जाड टॉवेल टाकून एकाला उचला. दोन पिंजरे सावलीत शेजारी ठेवा, पण दोन्ही जाळ्यांमध्ये चार बोटांचे अंतर असू द्या, म्हणजे जाळीतून नाक चावले जाणार नाही. प्रत्येकाला वेगळे पाणी, वेगळे गवत आणि लपायला वेगळे खोके हवे. फिरायला सोडायचे तर आळीपाळीने सोडा. जवळपास मादी ठेवू नका. तिच्या वासाने चुरस वाढते. जखम झाली तर पशुवैद्यकांना दाखवा. घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे दिले तर सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो.

हे झाले तात्पुरते. दोघांना पुन्हा एकत्र ठेवायचे असेल, तर दोघांचेही खच्चीकरण हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. बैलासाठी वापरतात तो चिमटा येथे चालत नाही. सशाला भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती पशुवैद्यकांनीच करायची असते. सशाला भूल देणे हे निराळे कसब आहे. म्हणून ‘आपण सशांवर ही शस्त्रक्रिया केली आहे का?’ असे नम्रपणे पण अवश्य विचारा. भोरपासून जवळ, नीरा नदीपलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही चौकशी करता येईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला तसे ठेवत नाहीत. त्याला ओकारी येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर लगेच दुसऱ्या दिवशी दोघांना एकत्र सोडू नका. संप्रेरक कमी झाले तरी वागणे बदलायला काही आठवडे लागतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, दोघांपैकी कोणाचीही हद्द नसलेल्या नव्या जागी, प्रथम दहा-पंधरा मिनिटे, आपल्या डोळ्यांसमोर भेट घडवा. शांतपणे शेजारी बसून गवत खाल्ले तर वेळ हळूहळू वाढवा. चावाचावी झाली तर थांबा. सगळ्या जोड्या जुळतातच असे नाही, कारण जुन्या भांडणाची आठवण शस्त्रक्रियेने पुसली जात नाही. जोडी जुळली नाही तर दोघे कायम शेजारच्या पिंजऱ्यांत राहतील. त्यात अपयश कसले ?

‘हे निसर्गाच्या विरुद्ध नाही का ? मुक्या जनावरावर सुरी का चालवायची ?’ असे काही वाचक म्हणतील. या आक्षेपामागे कणव आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण ज्या दिवशी आपण सशाला जाळीच्या आत ठेवले, त्याच दिवशी आपण निसर्गाची मांडणी बदलली. आता निवड निसर्ग आणि सुरी यांच्यात नाही. ती भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया आणि रोजचे चावे यांच्यात आहे. ज्यांना शस्त्रक्रिया मान्य नाही किंवा तिचा खर्च परवडत नाही, त्यांनी दोन पिंजरे ठेवावेत. तोही प्रामाणिक मार्ग आहे. दोन्ही न करणे मात्र मला मान्य नाही. फटके देण्याचे तर नावच काढू नका. फटक्याने रक्तातील संप्रेरक कमी होत नाही. ससा फक्त तुम्हालाही भिऊ लागतो.

राहिला तिसरा सल्ला, डोंगरात सोडण्याचा. येथे आपल्या भाषेनेच आपल्याला फसवले आहे. राजगड-तोरण्याच्या उतारावर गवतातून उड्या मारत पळतो तो ससा आणि पिंजऱ्यातील ससा, दोघांना आपण एकच नाव देतो. पण ते भिन्न प्राणी आहेत. रानातला ससा बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्ले केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. एकाच्या पेशीत 48 गुणसूत्रे, दुसऱ्याच्या 44. या दोघांचा संकर होत नाही. पांढराशुभ्र पाळीव ससा आपल्या डोंगरात सोडला, तर कोल्हा, रानमांजर किंवा गावचे कुत्रे त्याला फार दिवस जगू देणार नाहीत. ‘मोकळे केले’ असे म्हणून आपण फक्त त्याचे मरण आपल्या नजरेआड करतो. उलट रानातला ससा पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेत ससे असतील तर त्यांच्या पिंजऱ्याजवळ एक वही टांगा. तारीख, वजन, हनुवटी घासणे, पाठलाग, चावा असे रकाने आखा आणि मुलांना रोज नोंद करू द्या. पिल्ले तीन महिन्यांची होण्याआधीच पशुवैद्यकांना दाखवून नर-मादी तपासून घ्या, कारण लहान वयात ही ओळख पुष्कळदा चुकते. आणि दुसरा पिंजरा भांडण सुरू होण्याआधीच तयार ठेवा. ज्या शाळेला दुसऱ्या पिंजऱ्यासाठी जागा नाही, तिने दोन नर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.