ओळंबा कुणाच्या हातात होता?

मागच्या वर्षी एका परिसंवादात एका प्राध्यापकांनी खुफूच्या पिरॅमिडचं उदाहरण दिलं. म्हणाले, हजारो अडाणी हात होते, पण डोकं एकच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. टाळ्या मीही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा राग मला अजून येतो. माझे वडील गवंडी आहेत. 'अडाणी हात' कुणाला म्हणतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते 'एक डोकं' म्हणून हेमिउनूचं नाव घेतलं जातं. राजघराण्यातला, वझीर, राजाच्या सगळ्या बांधकामांचा प्रमुख. त्याचा दगडी पुतळा जर्मनीत हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात आहे, चांगला सुखवस्तू देह आहे. हुकूम त्याने दिले असतील, हिशेबही पाहिले असतील. पण पिरॅमिड बांधायची विद्या एका डोक्यात उगवली नाही, हे दगडच सांगतात. खुफूचा बाप स्नेफरू याच्या काळात दहशूरला एक पिरॅमिड साधारण 54 अंशांच्या चढाने उभा राहू लागला. खालची जमीन कच्ची निघाली, आतल्या दालनांना तडे गेले, लाकडाच्या तुळया ठोकून टेकू द्यावे लागले. मग अर्ध्यावरून चढ कमी करून 43 अंशांवर आणला. तो वाकलेला पिरॅमिड आजही तसाच उभा आहे. त्याच्या शेजारचा पुढचा पिरॅमिड पहिल्यापासूनच 43 अंशांचा. आणि त्यानंतर गिझाला खुफूचा, जवळजवळ 52 अंशांचा. तडा सगळ्यात आधी कुणाला दिसला असेल? दगड बसवणाऱ्याला.

आता गिझाचं काम बघा. इसवी सनापूर्वी सुमारे 2600 ते 2550 चा काळ. पायाची एक बाजू 230 मीटर, मूळ उंची सुमारे 146 मीटर, अंदाजे 23 लाख दगड. एवढ्या मोठ्या पायाची पातळी दोन-तीन सेंटीमीटरच्या आत राखलेली. बाजू उत्तरेपासून ढळल्यात त्या एका अंशाच्या पंधराव्या भागाइतक्या. चढ मोजायची रीत कारागिराच्या अंगावरच होती: चार बोटांचा एक तळवा, सात तळव्यांचा एक हात. एक हात वर चढलं की साडेपाच तळवे आत सरकायचं. हे त्रिकोणमितीच आहे, फक्त तिला वर्गात बसवलेलं नाही. पुढे तेराएकशे वर्षांनी सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात त्याची हत्यारं ठेवली होती: ओळंबा, गुण्या, आणि पातळी बघायची लाकडी चौकट, जिच्या मधोमध दोरीला वजन लोंबतं. मी तो फोटो वडिलांना दाखवला. कुठलं हत्यार कशाचं, हे त्यांनी मला विचारलं नाही.

अजून एक. जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे, खुफूनंतर सहा-सातशे वर्षांचं. प्रचंड पुतळा घसरगाडीवर चढवलाय, माणसांच्या रांगा दोर ओढतायत, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. काही अभ्यासकांनी हा शुद्धीकरणाचा विधी मानला. 2014 मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला: वाळूत नेमकं तेवढं पाणी मिसळलं तर ओढायला साधारण निम्मं बळ पुरतं. पाणी कमी झालं तरी फसतं, जास्त झालं तरी फसतं. ते प्रमाण त्या माणसाला माहीत होतं. मजुराच्या हातात ज्ञान दिसलं की त्याला कर्मकांड समजायची खोड फक्त आपल्याकडची नाही, एवढंच.

परग्रहवासीयांवर मी फार शब्द खर्चणार नाही. फॉन डॅनिकेनचं पुस्तक 1968 चं, त्याची उष्टी व्हॉट्सॲपवर अजून फिरतात. 'यांना हे जमणंच शक्य नाही' हे वाक्य आपण प्रवेशापासून मुलाखतीपर्यंत ऐकलेलं आहे. बोलणारा ओळखू येतो.

पण भांडण आपल्याही लोकांशी आहे. आपले मित्र पिरॅमिडखाली चाबूक खाणाऱ्या गुलामांचं चित्र टाकतात आणि शोषणाचा इतिहास म्हणून सांगतात. भावना खरी, चित्र सिनेमातलं. गिझाच्या पायथ्याशी 1990 पासून कामगारांची थडगी उघडी झाली. पाठीचे मणके आणि गुडघे झिजलेले आहेत, पण मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेलीही आहेत. शेजारी त्यांची वस्ती सापडली, भट्ट्या सापडल्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग सापडले. राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत टोळ्यांनी आपापली नावं रंगवून ठेवली आहेत. पुढे 'मेनकौरेचे मद्यपी' असं नाव घेतलेलीही टोळी होती.

यावर पर्यटनवाले खूश: बघा, आनंदाने केलेलं काम! तेही खोटं. राजाचा हक्क म्हणून माणसं कामाला बोलावली जात. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात, आणि पोटाला भाकरी दिली म्हणून वेठीची खुशी होत नाही. महार वतनातल्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं, तेव्हाही बलुत्याकडे बोट दाखवणारे होतेच. वेठ होती आणि विद्याही होती. यातलं एक मान्य करायला दुसरं पुसावं लागत नाही. जातीत श्रमाची नव्हे, श्रमिकांची वाटणी होते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडलं. हात आणि डोकं वेगळ्या माणसांत वाटून टाकणं हा त्याच वाटणीचा पाया आहे. पदवी मिळाल्यावर आपणही 'डोक्याच्या' बाजूला जाऊन बसतो. त्या दिवशीच्या माझ्या टाळ्या तिथूनच आल्या.

2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फला, पिएर तॅले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेला इतका जुना पपायरस दुसरा माहीत नाही. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजवही आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. नदीपलीकडच्या तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडी दगड होडीत भरायचा, गिझाला उतरवायचा, रिकामं परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, एवढंच. सोबतच्या कागदांत धान्याच्या जमाखर्चाचे रकाने.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हजेरी मुकादम लिहायचा, बरं. मग खाडा पडला तर त्या दिवसाचं धान्य कापायचे का?"