गुडघ्याच्या ऑपरेशनआधीचा खुराक



सुगी आटोपली, ऊस कारखान्याला गेला, हातात चार पैसे आले, की पुढे ढकललेली कामे निघतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाची विहीर, तर कुणाच्या आईचा गुडघा. जन्मभर उकिडवे बसून खुरपण केलेल्या बायांचे झिजलेले गुडघे गावोगाव दिसतात. कृत्रिम सांधा बसवायचा म्हणून पैशाची जुळवाजुळव महिनोन्‌महिने चालते; पण ज्या अंगावर ऑपरेशन व्हायचे, त्या अंगाची तयारी कुणी करीत नाही. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु पेरणीआधी बैलाला पेंड चारावी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागू नये.

बसवलेला सांधा असतो धातूचा आणि प्लॅस्टिकचा. त्यातून रक्त फिरत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशी रक्तातून जातात, औषधही रक्तातूनच जाते. जंतू एकदा त्या धातूवर बसले की स्वतःभोवती चिकट थर धरतात. गुरांच्या हौदाला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच. मग औषधाचा मारा तिथवर नीट पोचत नाही. असे शंभरांत एखाद-दुसऱ्यालाच होते; पण ज्याला होते त्याचा सांधा कधी कधी काढावा लागतो, कित्येक आठवडे औषधे चालतात आणि पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो.

जखम लवकर मिटून कोरडी झाली तर जंतूंना वाट मिळत नाही. जखम भरायला लागतात प्रथिने. रक्तात अल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन असते, ते 3.5 ग्रॅमच्या खाली असेल तर जखम चिघळण्याचा आणि जंतू शिरण्याचा धोका वाढतो. यकृताच्या, मूत्रपिंडाच्या दुखण्यानेही ते उतरते, म्हणून कारण डॉक्टरांनीच शोधावे. तपासणी साधी आहे. हिमोग्लोबिनबरोबर तीही करा, असे आपणहून म्हणावे.

आणि अंगाने भरलेली बाई म्हणजे पोसलेली बाई, असे समजू नका. नुसत्या युरियावर वाढलेला गहू हिरवागार दिसतो आणि वाऱ्याला लोळतो. भात, साखरेचा चहा, बटाटा यांवर वजन वाढते, प्रथिने मिळत नाहीत. अशा बाईने ऑपरेशन जवळ आले म्हणून उपाशी राहून वजन उतरवणे तर फारच वाईट.

आता हिशेब करू. 60 किलो वजनाच्या माणसाला या काळात दिवसाला सुमारे 70 ग्रॅम प्रथिने हवीत. तीन भाकरींतून 20 ग्रॅमच्या आसपास मिळतात. पाणीदार आमटीतून जवळजवळ काहीच नाही. तेच 50 ग्रॅम डाळीचे घट्ट वरण असेल तर 11. दोन अंडी 12, अर्धा लिटर दूध 16, मूठभर शेंगदाणे 7, वाटीभर मटकीची उसळ 6-7. झाले की नाही! यांतले बरेचसे घरचेच आहे. पण दूध जाते डेअरीला, अंडी बाजाराला, आणि म्हाताऱ्या माणसाला उरतो कोरा चहा. निदान दोन महिने तरी तिच्या वाटचे दूध घरात ठेवा. उपवास करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की साबुदाण्यात प्रथिने नसल्यासारखीच असतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळावे, पेरू, आवळा खावा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी. ती आठाच्या वर असली तर बरेच डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि योग्यच करतात.

तंबाखू, बिडी आणि मिश्री! मिश्री हे व्यसन नाही असे आपल्या आया-बहिणी समजतात. ती तंबाखूच आहे. तिने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पडते. निदान चार-सहा आठवडे आधी बंद हवी. किडका दात, पायाच्या चिखल्या, लघवीची जळजळ, अंगावरचे गळू यांपैकी काही असेल तर ते लपवू नये, आधी बरे करून घ्यावे.

ऑपरेशन झाल्यावर घरी आणले, की शेजारची कुणी तरी सांगते, ‘‘डाळ देऊ नका गं, अंडे देऊ नका, पू धरेल.’’ मग पेज आणि साखर-चहा सुरू होतो. डाळीने किंवा अंड्याने पू होत नाही. टाके निघून जखम पुरती भरेपर्यंत हाच खुराक चालू ठेवा. शेजारणीलाही वरणाची वाटी द्या.