पदवी आणि कौशल्य : मराठीच्या अभ्यासक्रमाविषयी एक विचार

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील रविवारच्या संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. वय चाळिशीच्या आसपास. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिकाची नोकरी, घरी सासू-सासरे आणि दोन मुले, आणि या सर्वांतून वेळ काढून मराठीची पदवी घेण्याची जिद्द. त्या दिवशी आमचा विषय व्याकरणातील आख्यातविचार हा होता. सत्र संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, ही पदवी पूर्ण झाल्यावर मला असं काय येऊ लागेल, जे आज येत नाही?”

‘पदवीने काय मिळेल’ हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या सवयीचा आहे आणि त्याची उत्तरेही आम्हांला पाठ आहेत : स्पर्धा परीक्षा, अध्यापन, पत्रकारिता, भाषांतर. या बाईंनी मात्र ‘काय येईल’ असे विचारले होते. साहित्याने जाणीव समृद्ध होते, भाषेवर प्रभुत्व येते, अशी काही वाक्ये मी बोललो. ती खोटी नव्हती. पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे त्यांनाही कळले आणि मलाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

पदवी आणि रोजगार यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे दोन भूमिका वारंवार मांडल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार विद्यापीठ हे ज्ञानाचे स्थान आहे, ते रोजगार विनिमय केंद्र नव्हे. नोकरीचा विचार आला की ज्ञान बाटते. दुसऱ्या भूमिकेनुसार जुने अभ्यासक्रम कालबाह्य झाले असून त्यांना कौशल्याच्या अभ्यासपत्रिका जोडल्या म्हणजे पदवीधर रोजगारक्षम होतील. या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु त्यांचे गृहीतक एकच आहे. विषयाचे ज्ञान आणि कामाचे कौशल्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे दोन्ही पक्ष मानतात. एक पक्ष दुसरी वस्तू नाकारतो, दुसरा पक्ष ती पहिलीच्या शेजारी आणून ठेवतो. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. मराठीच्या पदवीपुरते बोलायचे तर कौशल्य हे विषयाच्या आतच आहे. ते बाहेर काढण्याचे काम आम्ही केले नाही, ही खरी उणीव आहे.

या प्रश्नाला इतिहास आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यात उपयुक्त ज्ञानाचा प्रसार आणि सरकारी सेवेसाठी भरवशाची शिकलेली माणसे मिळणे, ही दोन्ही उद्दिष्टे नोंदलेली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडील आधुनिक पदवीचा नोकरीशी संबंध जन्मापासूनचा आहे. तो अलीकडे घुसलेला नाही. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४-९५ पासून पदवीच्या स्तरावर व्यवसायाभिमुख विषयांची योजना आणली; प्रयोजनमूलक हिंदी हा त्यांतील एक विषय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर २०२५ पर्यंत शालेय आणि उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यानुसार पदवीच्या आराखड्यात कौशल्याच्या अभ्यासपत्रिकांना व प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळाले.

हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कार्यानुभवाचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिले आहे. आठवड्याचा एक तास, कागदाची फुले, बाजारातून विकत आणून जमा केलेली एखादी वस्तू आणि त्याला मिळालेले गुण. काम हे शिक्षणाच्या कडेला ठेवले की ते उपचार बनते. पदवीच्या स्तरावरही तोच धोका आहे.

याउलट एक वेगळा विचार आपल्याच भूमीत मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. हस्तोद्योग हा शिक्षणातील आणखी एक विषय नसून इतर विषय शिकण्याचे माध्यम असावे, हे त्याचे मूलतत्त्व होते. सूत कातताना मोजणीतून गणित यावे, कापसातून भूगोल यावा, अशी ती कल्पना. तो प्रयोग देशभर रुजला नाही आणि चरखा आजच्या पदवीचे केंद्र होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण कामाला शिक्षणाच्या शेजारी न बसवता त्याच्या मध्यभागी बसवायचे, हे तत्त्व भाषेच्या अभ्यासाला आजही लागू पडते. भाषेच्या अभ्यासकाचे ‘काम’ म्हणजे वाक्य हे होय.

आता उदाहरणाकडे वळू. आपल्या व्याकरणात ‘करावा, करावी, करावे’ या रूपांना वाख्यात म्हणतात आणि त्यांचा अर्थ विध्यर्थ असतो, हे आपण शिकतो. विध्यर्थातून कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता अशा छटा व्यक्त होतात, हेही आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. आता एखाद्या कार्यालयाच्या सूचनाफलकावरील हे वाक्य पाहा : ‘अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा.’ ही सक्ती आहे की सूचना? दाखला नसेल तर अर्ज नाकारला जाईल, की नंतर देता येईल? ‘मुलांनी पहाटे उठावे’ या वाक्यातील ‘उठावे’ आणि येथील ‘जोडावा’ यांचे रूप एकच. पण पहिल्यात उपदेश आहे आणि दुसऱ्यात कदाचित एका कुटुंबाच्या शिष्यवृत्तीचा निर्णय आहे. ‘दाखला नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही’ किंवा ‘दाखला नंतर १५ दिवसांच्या आत देता येईल’ असे लिहिले, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा एक हेलपाटा वाचतो. ते लिहिण्यासाठी विध्यर्थाची संदिग्धता ओळखता यावी लागते. हे व्याकरण आहे आणि हेच कौशल्यही आहे.

कायद्याच्या भाषांतरात हा भेद अधिक काटेकोर होतो. इंग्रजी कायद्यातील ‘शॅल’साठी मराठीत ‘करील’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ किंवा ‘करू शकेल’ अशी रूपे योजली जातात. यांपैकी एकाच्या जागी दुसरे पडले, तर अधिकाऱ्याचे बंधन हा त्याचा स्वेच्छाधिकार होतो. क्रियापदाच्या रूपांकडे नीट पाहण्याची सवय ज्याला वर्गात लागली नाही, त्याला भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेतील व्याख्या पाठ करून ती लागणार नाही.

मुद्रितशोधनाचेही तेच. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले आणि शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले १४ नियम व १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे एकूण १८ लेखनविषयक नियम आपण अभ्यासतो. ‘विद्यार्थी’ या शब्दातील शेवटचा ईकार दीर्घ, पण ‘विद्यार्थिगृह’ या सामासिक शब्दात तो ऱ्हस्व, हा नियम सांगता येणे निराळे आणि छापायला निघालेल्या २० पानांत अशा जागा डोळ्यांना खुपणे निराळे. दुसरी गोष्ट केवळ सरावाने येते आणि ती सरावाने कोणालाही येऊ शकते.

मग आम्ही हे का करत नाही? ‘व्यावहारिक मराठी’ ही अभ्यासपत्रिका अनेक विद्यापीठांत बऱ्याच वर्षांपासून शिकवली जात आहे. परंतु तिच्या प्रश्नपत्रिकांत सामान्यतः काय विचारले जाते? ‘अर्जाचे प्रकार सांगा.’ ‘चांगल्या भाषांतरकाराचे गुण लिहा.’ विद्यार्थी मार्गदर्शिकेतून उत्तर पाठ करतो, उत्तम गुण मिळवतो आणि एकही अर्ज न लिहिता, एकही परिच्छेद भाषांतरित न करता उत्तीर्ण होतो. पोहण्याच्या व्याख्येला गुण दिल्यासारखे हे आहे. मीही अशा प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. तपासायला त्या सोप्या असतात.

बदल मूल्यमापनात व्हायला हवा. मुक्त शिक्षणपद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारणतः ३० तासांचा अभ्यास मानला जातो; म्हणजे चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेसाठी १२० तास. त्यांतील निम्मे तास जरी प्रत्यक्ष लेखनाला दिले, तरी विद्यार्थ्याला एखाद्या मजकुराचा पहिला खर्डा, त्यावरील शेरे, दुसरा खर्डा आणि अंतिम प्रत अशी पाच-सहा कामे करता येतील. गुण अंतिम प्रतीइतकेच सुधारणेलाही मिळावेत. याला खर्च आहे, हे विसरून चालणार नाही. खर्डे वाचायला समंत्रकाला वेळ हवा आणि त्या वेळेचे योग्य मानधनही हवे. कौशल्याचे श्रेयांक कागदावर वाढवायचे आणि ते तपासणाऱ्या माणसाचा वेळ मात्र मोजायचा नाही, असे धोरण असेल, तर त्यातून कागदाचीच फुले तयार होतील.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला या बाबतीत एक जमेची बाजू आहे. नियमित महाविद्यालयातील १९ वर्षांच्या मुलाला कामाची जागा शोधून द्यावी लागते. तुमच्यापैकी पुष्कळजण रोज कामाच्या जागीच असतात. ग्रामपंचायत, अंगणवाडी, दुकान, दवाखाना, सहकारी संस्था, बचत गट, जेथे तुम्ही आहात तेथे भाषेचा व्यवहार चालू आहे. नावे आणि खासगी तपशील वगळून तो अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्राला असेच केले. थकबाकीदारांना पाठवायच्या नोटिशीतील एक वाक्य त्यांनी वहीत उतरवून आणले होते : ‘सदर रक्कम विहित मुदतीत न भरल्यास आपणांविरुद्ध नियमानुसार कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ आम्ही सर्वांनी मिळून त्या वाक्याला प्रश्न विचारले. कोणती रक्कम? कोणती मुदत? कारवाई कोण करील आणि कोणती? ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ता लपला आहे, हे वर्गाने स्वतः शोधून काढले. बाईंनी तो मजकूर तीन वेळा लिहिला. अंतिम खर्ड्यात रकमेचा आकडा, तारीख आणि हप्ते पाडून घेण्यासाठी कोणाला भेटायचे, हे सारे सरळ शब्दांत आले. मुख्य म्हणजे धमकीचा सूर जाऊन माहितीचा सूर आला. यामुळे त्यांना बढती मिळाली का? नाही. त्यांच्या कार्यालयात जुनाच मजकूर चालू राहिला, असे त्यांनीच नंतर सांगितले. पण आपल्याला काय येऊ लागले, हे त्यांना आता नेमके सांगता येत होते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रोजगारक्षमता आणि रोजगार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली काही अंशी शिक्षणाच्या हाती असते. दुसरी भरती निघते की नाही, गावात उद्योग आहेत की नाही, कामाला रास्त वेतन मिळते की नाही, यांवर अवलंबून असते. जागाच निघाल्या नाहीत, तर कितीही कुशल पदवीधर बेरोजगार राहील. अशा वेळी ‘तुझ्यात कौशल्य नाही’ असे त्याला सुनावणे हा अन्याय आहे. कौशल्याची भाषा पुष्कळदा व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारण्यासाठी वापरली जाते. विद्यापीठाने नोकरीचे आश्वासन देऊ नये. जे शिकवू ते खरोखर करता येईल, एवढे आश्वासन मात्र द्यावे आणि ते पाळावे.

मग कवितेचे आणि कथेचे काय? त्यांचे समर्थन रोजगाराच्या आधारे करण्याची गरज मला वाटत नाही. माणसाला कविता वाचावीशी वाटते, तेवढे कारण पुरे आहे. आपल्या पगारातून शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो आनंद घेण्याचा तितकाच अधिकार आहे. ‘तुम्हांला फक्त उपयोगाचे शिकवू’ असे त्याला म्हणणे हा त्याचा अपमान होईल.

विद्यार्थिमित्रहो, हा घटक वाचून झाल्यावर घरी आलेले एखादे पत्रक, नोटीस किंवा कामाच्या ठिकाणचा एखादा फलक समोर घ्या. त्यातील क्रियापदे अधोरेखित करा. प्रत्येक ठिकाणी कर्ता कोण, सक्ती आहे की मुभा, आणि वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, हे समासात लिहा. मग तो मजकूर तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि ज्याच्यासाठी तो आहे अशा एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा. तिने जेथे ‘म्हणजे काय?’ असे विचारले, ती जागा पुन्हा लिहा. दोन्ही खर्डे जपून ठेवा आणि पुढील संपर्कसत्राला येताना सोबत आणा.