देशोदेशींचीं नगरें: चीनची ओसरी

वाड्याच्या बांधणींत ओसरीचें महत्त्व काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दाराशीं आलेल्या परक्या मनुष्यास आपण ओसरीवर बसवितों, गूळपाणी देतों, कामाचें बोलणें तेथेंच उरकतों. माजघरांत मात्र त्याचा प्रवेश नसतो. घरच्या माणसांचा स्वभाव पाहुण्यास बहुधा ओसरीवरच कळतो, आणि पाहुणा कोणत्या हेतूनें आला आहे हें घरच्यांसहि तेथेंच कळतें. चीनसारख्या अफाट देशास अशी एक ओसरी होती. दक्षिणेस पर्ल म्हणजे ‘मोती’ नदीच्या मुखाजवळ वसलेलें कँटन तें हेंच. आज तें ग्वांगचौ या चिनी नांवानें ओळखलें जातें.

या बंदराचा समुद्रावरील व्यापार दोन हजार वर्षांइतका जुना आहे. तांग राजांच्या काळीं अरब व इराणी व्यापारी तेथें वस्ती करून राहत. बौद्ध यात्रिक इत्सिंग ६७१ सालीं येथूनच एका इराणी गलबतांत बसून आपल्या देशाकडे निघाला. बोधिधर्म भारतांतून समुद्रमार्गें आला तो याच किनाऱ्यास लागला अशी परंपरा आहे, व तो उतरला ती जागा म्हणून एक स्थान आजहि शहरांत दाखवितात.

शहराच्या पूर्वेस दक्षिणसमुद्राच्या देवतेचें एक देऊळ आहे. त्याची स्थापना ५९४ सालीं झाली. लांबच्या सफरीस निघणारे खलाशी येथें पूजा करून मगच पुढें जात. या देवळांत एक मूर्ति आहे. एक परदेशी पुरुष कपाळाशीं हात धरून दूर समुद्राकडे पाहत उभा आहे. आख्यायिका अशी कीं, हा भारतवर्षांतून आलेला दूत. त्यानें देवळाच्या आवारांत फणसाच्या आठळ्या लाविल्या, आणि तो तेथें रमला असतां त्याचें गलबत निघून गेलें. मग तो रोज किनाऱ्यावर उभा राहून वाट पाहूं लागला व तसाच उभ्या उभ्या मेला. लोकांनीं त्याची मूर्ति करून देवांच्या पंक्तीस बसविली. सामान्य लोक या देवळास फणसाच्या चिनी नांवानेंच ओळखतात. आणि तें चिनी नांव म्हणजे बौद्ध ग्रंथांतील ‘पारमिता’ शब्दाचेंच चिनी रूप होय. एका आठळीच्या मोबदल्यांत परक्यास देवत्व देणारें हें शहर!

परंतु हेंच शहर सावधहि होतें. १७५७ सालीं बादशहा चिएनलुंग यानें युरोपीय गलबतांस कँटनखेरीज सर्व बंदरें बंद केलीं. कँटनमध्येंहि त्यांस तटाच्या आंत येण्याची मनाई होती. नदीकांठच्या एका चिंचोळ्या पट्टींत तेरा वखारी होत्या. तेथेंच त्यांनीं राहावें, बायकांस बरोबर आणूं नये, चिनी भाषा शिकूं नये, आणि हंगाम संपतांच मकावला निघून जावें, असा दंडक होता. सर्व व्यवहार ठरलेल्या चिनी सावकारांच्या मार्फत चाले. त्यांतील हौक्वा याची गणना त्या काळच्या जगांतील अत्यंत श्रीमंत माणसांत होत असे. नाणें पारखणाऱ्यास या किनाऱ्यावर जो शब्द रूढ झाला तो आपला ‘सराफ’; शेजारच्या हाँगकाँगमध्यें मोटारी उभ्या करण्याच्या जागीं पैसे घेणाऱ्याच्या खिडकीवर तो शब्द आजहि आढळतो.

या ओसरीवरून चहा, रेशीम व चिनी मातीचीं भांडीं जगभर गेलीं. त्यांच्या मोबदल्यांत द्यावयास इंग्रजांजवळ चांदीवांचून विशेष कांहीं नव्हतें. प्रथम मुंबईचा कापूस पुढें करण्यांत आला. तो पुरेना, तेव्हां अफू. चीनमध्यें ती निषिद्ध होती, तरी लाचखाऊ अधिकारी व चिनी दलाल यांच्या आधारानें ती आंत शिरली. १८३९ सालीं लिन त्से-शू नांवाचा करडा अधिकारी कँटनला आला. त्यानें अफूच्या वीस हजारांवर पेट्या हस्तगत केल्या, आणि ३ जूनपासून सुमारें तीन आठवडे हूमनच्या किनाऱ्यावर चर खणून, मीठ व चुना घालून, ती सर्व अफू समुद्रांत सोडून दिली. तत्पूर्वीं त्यानें समुद्रदेवतेची क्षमा मागितली, कारण तिचें पाणी विटाळणार होतें! याचें उत्तर इंग्रजांनीं तोफांनीं दिलें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग गेलें व आणखी चार बंदरें उघडावीं लागलीं.

या हकीकतींत इंग्रजांस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्या पेट्यांतील बरीच अफू आपल्याच देशांतून, मुंबई व दमण या बंदरांतून गेली होती. ती पिकली शिंदे-होळकरांच्या माळव्यांत. तीवर पैसा लाविला गुजराती, मारवाडी व पारशी सावकारांनीं. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाचें, १८४५ सालीं उघडलेलें रुग्णालय मुंबईंत आजहि असंख्य रोग्यांस आधार देत आहे. तरुणपणीं ते वारंवार चीनला गेले होते, आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग कापूस व अफू यांच्या व्यापारांतूनच आला होता. त्यांच्या औदार्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे, व एकट्या त्यांजकडे बोट दाखविणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि ज्या पैशानें येथें रोगी बरे झाले, तोच मिळवितांना तेथें निरोगी माणसें व्यसनांत बुडालीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

१८३९ नंतर ९९ वर्षांनीं, सप्टेंबर १९३८ मध्यें, मुंबईहून निघालेले पांच भारतीय डॉक्टर कँटनला उतरले. जपाननें चीनवर स्वारी केली होती, आणि राष्ट्रसभेनें हें पथक चीनच्या मदतीस पाठविलें होतें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं त्यांचें स्वागत केलें. पथक पुढें गेलें, आणि २१ ऑक्टोबर रोजीं कँटन जपानच्या हातीं पडलें. इतर चौघे यथावकाश मायदेशीं परतले. कोटणीस ओसरी ओलांडून माजघरांत गेले ते तेथलेच झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, चीनमध्येंच त्यांचा अंत झाला.

आज या शहराची वस्ती १ कोटि ८६ लक्षांवर गेली आहे. १९५७ पासून तेथें वर्षांतून दोनदां मोठा व्यापारी मेळा भरतो. परदेशी व्यापाऱ्यांस आतां तटाबाहेर बसावें लागत नाहीं. सकाळीं तीन पिढ्या एका टेबलाभोंवतीं बसून चहा घेतात, आणि दुसऱ्यानें पेला भरला कीं बोटांनीं टेबलावर हलकेंच टकटक करून आभार मानतात.

आपल्याहि घरीं चहाचें आधण रोज चढतें, लोणचें चिनी मातीच्या बरणींत मुरतें. हीं कोठून आलीं असें मुलांनीं विचारल्यास त्यांस कँटनची गोष्ट सांगावी. फणस लावणाऱ्या पाहुण्याची सांगावी, औषध नेणाऱ्याची सांगावी. आणि मध्यें अफू घेऊन गेलेल्याचीहि सांगावी, ती गाळूं नये.