माणुसकी पुरे, आता शॅकल द्या

या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. भांडण एका मथळ्याशी आहे. दर पावसाळ्यात गडचिरोलीच्या बातम्यांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: 'चिखलात फसलेली गाडी गावकऱ्यांनी काढली, माणुसकीचं दर्शन!' सोबत फोटो. आठ-दहा माणसं गुडघाभर चिखलात, एकाच्या खांद्यावर दोर, पुढे ट्रॅक्टर. पुण्या-मुंबईतली मंडळी हळहळतात, कौतुक करतात, फोटो दहा जणांना पाठवतात. विषय संपला.

मला त्या 'माणुसकी' शब्दाचाच राग येतो. का ते सांगतो.

माझं आजोळ सिरोंचा तालुक्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्राच्या नकाशाचं पार खालचं, उजवीकडचं टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते, नदीपलीकडे तेलंगणा, आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर. तिकडे जायचं तर आधी आलापल्ली गाठायची, म्हणजे जंगलातून शंभरेक किलोमीटर. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग आहे, ३५३-सी. २०१० च्या दशकात नद्यांवर पूल झाले, तेलंगणाची जड वाहतूक या रस्त्यावर आली, आणि रस्ता मात्र होता तसाच राहिला. पुढे रुंदीकरण निघालं, त्यात वनखात्याच्या परवानग्या आल्या. मधल्या काळात पावसाळ्यात ट्रक रुतून रस्ता बंद, ही बातमी इतकी नेहमीची झाली की ती बातमीच राहिली नाही.

माझ्या मामाकडे ट्रॅक्टर आहे. धान आणि मिरचीसाठी घेतलेला. पावसाळ्यात रात्री-अपरात्री दारावर थाप पडते. कधी जीप, कधी टेम्पो, एकदा १०८ ची ॲम्ब्युलन्स. मामा उठतो, लुंगी खोचतो, जातो. पैसे घेत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पैसे कसे घेशील बाप्पा, आत बाळंतपणाची पोरगी होती नं."

झाली माणुसकी. आता इंजिनिअरिंग बघू.

गाडी रुतली की ती ओढायला किती जोर लागतो? लष्करी रिकव्हरीच्या पुस्तकांत एक साधा ठोकताळा असतो: चाकाभर चिखल असेल तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट. म्हणजे दोन टनांची भरलेली जीप मडगार्डपर्यंत गेली की चार टनांचा ओढा. त्यातून काळी माती ही चीजच वेगळी. पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो आणि स्वतःचाच खड्डा खणतो.

आता मामाकडे काय आहे? एक नायलॉनचा दोर. दोन ठिकाणी गाठ. टोकाला लोखंडी हूक, गावातल्याच वेल्डरने केलेला. हूक अडकवायचा कुठे? बहुतेक वेळा बंपरला, कारण आजच्या गाड्यांना ओढण्यासाठीची खरी जागा कुठे असते हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.

दहा मीटरचा नायलॉनचा दोर तीन टनांच्या ताणाखाली समजा एक मीटर लांबला. त्यात साठलेली ऊर्जा होते सुमारे १५ हजार ज्यूल. बारावीचं फिजिक्स आहे, करून बघा. हूक निसटला आणि त्यातला फक्त दहावा हिस्सा एक किलोच्या त्या हुकाला मिळाला, तरी तो ताशी दोनशेच्या जवळपास वेगाने सुटतो. आणि तो कुठे जातो? दोराच्या रेषेत. म्हणजे जिथे 'हय्या' म्हणत माणसं उभी असतात, नेमका तिथे.

हे गणित मी हौसेने केलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी मामाचा हूक असाच सुटला. ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डला भोक पाडून गेला. मामाच्या कमरेपासून अंतर एक वीत. दुसऱ्या दिवशी काढलेल्या गाडीचा फोटो छापून आला, त्यात मडगार्डचं भोक नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रुतलेली गाडी काढणं हा सद्गुण नाही, ते काम आहे. धोक्याचं, कसबाचं काम. कामाला हत्यार लागतं, शिक्षण लागतं, डिझेल लागतं. आपण त्याला 'माणुसकी' म्हणतो कारण माणुसकी फुकट मिळते. सरहद्दीवरच्या जवानाला कोणी 'तू शूर आहेस, मग बंदूक कशाला' असं म्हणत नाही. इथे मात्र नेमकं तेच चाललंय.

आता आक्षेप येतीलच, तर एकेक घेऊ.

पहिला: "रस्ता नीट करा, मग काढायची वेळच येणार नाही." अगदी बरोबर, करा ना! पण रस्ता होईपर्यंतचा प्रत्येक पावसाळा कोणाच्या खांद्यावर? रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक सुरू ठेवणं ही साधारणपणे कंत्राटातलीच जबाबदारी असते. वळणरस्त्यावर गाडी फसली तर ती काढायची सोय कंत्राटदाराची हवी, मामाची नाही. आणि रस्ता झाला तरी नाले आणि नद्या राहणारच आहेत. जुलै २०२२ मध्ये गोदावरी चढली आणि सिरोंचा तालुक्यातली गावंच्या गावं हलवावी लागली, तेव्हा कुठला महामार्ग पाण्याला आडवा गेला?

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे: "पैसे, साहित्य, यंत्रणा आली की माणुसकी मरते." हे म्हणणारे सहसा वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. त्यांना मी आइसलँड दाखवतो. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आपल्या गडचिरोली जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर. त्या बर्फाळ देशात वादळात, हिमात, नदीत अडकलेल्या गाड्या आणि माणसं काढणारे लोक स्वयंसेवकच आहेत. पगार नाही. १९९९ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन त्यांची देशभराची संस्था झाली. त्यांच्याकडे ढोपराइतक्या टायरच्या जीपगाड्या आहेत, विंच आहेत, रीतसर प्रशिक्षण आहे. पैसा कुठून येतो? बराचसा नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून. लोक फटाके त्यांच्याचकडून घेतात, कारण उद्या बर्फात आपलीच गाडी असेल हे त्यांना कळतं. यंत्रणा आली म्हणून तिथली माणुसकी मेली नाही, टिकली.

तिसरा: "आपल्याकडे कायदा आहे की." आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर खटल्याचं झेंगट येऊ नये म्हणून. छान कलम आहे. पण ते अपघाताबद्दल बोलतं. चिखलात शांतपणे रुतलेली ॲम्ब्युलन्स हा अपघात नव्हे. शिवाय ते कलम मदत करणाऱ्याला खटल्यापासून वाचवतं, सुटलेल्या हुकापासून नाही. मामाचं काही बरंवाईट झालं असतं तर विम्यावाल्याने पहिला प्रश्न विचारला असता, "शेतीचा ट्रॅक्टर रात्री दोन वाजता महामार्गावर काय करत होता?"

मग करायचं काय? फार काही नाही. दरवर्षी गाड्या फसतात त्या जागा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. तिथल्या ग्रामपंचायतीत एकेक पेटी ठेवा. ओढायचा पट्टा, ज्यावर भार छापलेला असतो तो. चार शॅकल. ओढ दुप्पट करणारी एक पुली. हातमोजे, दोन फावडी, चाकाखाली घालायच्या फळ्या. ताणलेल्या दोरावर टाकायला एक जाड गोणपाट, म्हणजे तुटला तर कमी उडतो. या सगळ्याची किंमत महामार्गाच्या कंत्राटात पैशाइतकीसुद्धा दिसणार नाही.

आणि दोन दिवसांचं शिक्षण. २०१६ पासून 'आपदा मित्र' योजना आहे, गावातल्याच माणसांना आपत्तीसाठी तयार करणारी. त्याच धर्तीवर ट्रॅक्टरवाल्यांना शिकवा: हुकूम एकाचाच, दोराच्या रेषेत कोणी नाही, आधी माती उपसा आणि टायरची हवा कमी करा, मग ओढा. आणि 'नाही' म्हणायलाही शिकवा. सहा चौरस मीटर तळाच्या गाडीला तळाच्या वर चढलेलं दर दहा सेंटीमीटर पाणी सहाशे किलोने उचलतं. वाहत्या रपट्यावर दोर घेऊन उतरणं हे शौर्य नाही, दुसरी गाडी बुडवणं आहे. डिझेलचा आणि जळालेल्या क्लचचा खर्च तहसीलमधून मिळावा, अर्ज एका पानाचा.

माझ्या ऑफिसातल्या एकाकडे फोर बाय फोर आहे, पुढे झकास विंच. ती विंच आजवर एकदाच वापरली गेलीय, लोणावळ्याजवळ, फोटोसाठी. त्याच्यावर माझा राग नाही, हौसेला मोल नसतं. पण या राज्यात विंच हौशीकडे आहे आणि बाळंतिणीची गाडी गाठ मारलेल्या दोरावर, एवढं तरी आपल्याला खुपायला हवं.

असो. पुढच्या पावसाळ्यात तो मथळा पुन्हा येईल. तेव्हा 'ग्रेट!' म्हणण्याआधी फोटो जरा मोठा करून बघा. दोराला गाठ आहे का, आणि त्या रेषेत कोण उभं आहे.