जीर्णोद्धार म्हणजे पाडकाम नव्हे

मोडण्याच्या उलट काय, असं विचारलं तर बहुतेकजण 'बांधणं' म्हणतील. मला ते पटत नाही. मोडूनही नवं बांधता येतं, आणि एकदा बांधून झालं की मोडलेलं कुणाला आठवत नाही. मोडण्याच्या आड उभे राहतात ते शब्द वेगळे: सांधणं, लिंपणं, शाकारणं, डागडुजी, जतन. या सगळ्यांत मानाचा शब्द जीर्णोद्धार. कोकणात गावोगाव या शब्दाचं जे चाललंय, ते पाहून जीव तुटतो.

ग्रामदेवतेच्या देवळाबाहेर फलक लागतो. वर्गणी जमते, चाकरमानी सढळ हातानं देतात. मग लाकडी सभामंडप उतरवला जातो. कोरीव खांब, तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढतात आणि त्या जागी काँक्रीटचा स्लॅब, गुळगुळीत फरशी, स्टीलचे कठडे येतात. देशावर दगडी देवळांना ऑइलपेंट फासतात, तीही त्यातलीच गत. फलकावरचा शब्द मात्र तोच राहतो.

अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे. भंगलेली मूर्ती बदलायची तर नवी त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची हवी, असं तो सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांनी 1923 साली जतनाची नियमपुस्तिका लिहिली. झिजलेलं, अर्धवट उरलेलं मूळ काम हे कितीही देखण्या नव्या कामापेक्षा मोलाचं, हा तिचा गाभा. इतक्या दूरच्या दोन टोकांवरून आलेल्या या गोष्टी एकच आच सांगतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गावकऱ्यांची श्रद्धा खोटी नाही. देऊळ गळतं, वाशांना वाळवी लागते, जुन्या सांध्यांचं काम जाणणारा सुतार मिळत नाही आणि ठेकेदार दाराशी उभा असतो. पण देऊळ गळायला लागलं कधी? शाकारणी बंद पडली तेव्हा. पावसाआधी कौलं उतरवायची, शेवाळ झाडायचं, फुटकी बदलायची, रिपा ठोकून बघायच्या, आढ्यावरचे कोने चुन्यात पक्के बसवायचे, एवढंच ते काम. ते टाळलं की एका सरकलेल्या कौलातून वासा कुजतो, वाशामागून तुळई जाते, आणि मग सगळंच पाडावं लागतं असं वाटू लागतं.

चुन्याचंही तसंच. अनेक गडांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक आजही पडलेलं दिसतं. भिजवलेला चुना आणि वाळू बैल जुंपून त्यात मळत, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. हा चुना सावकाश घट्ट होतो, पण भिंतीत मुरलेली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो. मग ओल दगडातून वाट काढते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मजबुतीसाठी म्हणून केलेलं काम भिंतीच्याच मुळावर येतं.

म्हणून देवस्थान समित्यांना कळकळीची विनंती आहे. ठेकेदाराआधी जतनाचं काम जाणणारा वास्तुविशारद आणि एखादा वयस्क सुतार यांना देऊळ दाखवा. खांब उतरवावेच लागले तर त्यांवर क्रमांक घाला, फोटो काढा, कुजलेला तुकडा तेवढा कापून त्याच जातीचं लाकूड सांधा आणि खांब परत त्याच जागी उभे करा. वर्गणीतली काही रक्कम दरवर्षीच्या शाकारणीसाठी बाजूला ठेवा.