बंगला, पण एकमजली!

मंडळी, मागच्या अंकात कबूल केल्याप्रमाणे आमच्या घरबांधणीची हकीकत.

"आइंडहोवनला बंगला बांधला," असं फोनवर सांगताच साताऱ्याच्या नातेवाइकांना वाटलं, स्वारी भलतीच वर चढली! प्रत्यक्षात आम्ही खाली उतरलो. आपल्याकडे बंगला म्हणजे दुमजली, वर गच्ची. डच माणूस 'बंगलो' म्हणतो तो एकमजली घराला. आम्हाला तोच हवा होता, कारण आई. इथल्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे. पहिल्या खेपेस ती तीन महिने बैठकीतल्या सोफ्यावर झोपली. सौ. म्हणाली, "अहो, आईंना पुन्हा बोलवायचं तर जिना नको."

म्हणून जिना नाही, उंबरठे नाहीत, न्हाणीघर आईच्या खोलीला लागून. गावातच बोसरेइक भागात 2021 साली यंत्राने छापलेलं काँक्रीटचं घर झालं. तेही एकमजली, 94 चौरस मीटरचं. 24 भाग कारखान्यात छापून ट्रकने आणलेले. आम्ही पडलो इंजिनिअर, दोनदा बघून आलो! झाडीत मोठा धोंडा पडावा तसं ते दिसतं. आमचं विटांचंच, पण आजूबाजूला शोभेल अशी बाग करायचं तिथेच ठरलं.

इथली मूळची झुडपं म्हणजे हेदर आणि पिवळ्या फुलांचा ब्रेम. जमीन वाळूची, आंबट. आम्ही आपल्या सवयीने पोत्यांनी खत नि चुना ओतला. गवत माजलं, हेदर गेली! मागाहून कळलं की तिला कसदार जमीन सोसत नाही. पूर्वी इथले शेतकरी माळावर मेंढ्या चारत, वरचा गवताळ थर खणून गोठ्यात नेत. म्हणूनच हेदरचे माळ टिकले. आज हवेतून पडणाऱ्या नायट्रोजननेसुद्धा त्यांवर गवत चढतं.

दुसऱ्या खेपेस आलेली आई हे ऐकून म्हणाली, "अरे, आपल्या कासच्या पठारावर माती असते केवढी? तिथे कोण खत घालतं?" इंजिनिअर गप्प! मग वरची माती काढली, खाली वाळू लागली, तिच्यात नवी रोपं लावली. तुळस मात्र कुंडीत, खिडकीच्या आत.

हेदर फुलते ऑगस्टमध्ये. आईचे नव्वद दिवस जुलैतच संपले. फुलं तिने फोटोतच पाहिली. यंदा तिचं तिकीट जुलैअखेरचं काढलंय.

बाकी पुढच्या अंकी.